अडलेलं पान

आमचे भाऊजी पुस्तकं बांधायचे. म्हणजे लिहायचे नाहीत, छापायचे नाहीत, विकायचेही नाहीत. दुसऱ्याने लिहिलेली आणि तिसऱ्याने छापलेली पानं सुईदोऱ्याने शिवून, खळ लावून, पुठ्ठा चढवून द्यायचे. मी त्यांची धाकटी मेहुणी. माझाही धंदा शिवणाचाच, कपड्यांचा, म्हणून मी त्यांना चिडवायची, "भाऊजी, मी माणसं झाकते, तुम्ही कागद झाकता. शेवटी दोघंही सुईचेच हमाल." ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "तुझं गिऱ्हाईक दरवर्षी जाड होतं, माझं होत नाही. तेवढी शांतता आहे मला."

माझी खोली आणि त्यांची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, लग्न होऊन तिकडे गेली आणि मी इकडे राहिले, एवढंच काय ते सासर-माहेर. भिंत इतकी पातळ की भाऊजी सकाळी कामाला निघताना "जातो गं" म्हणायचे ते मला ऐकू यायचं. त्यावर ताईचं "जातो काय म्हणता? येतो म्हणा" हेही ऐकू यायचं. रोजचं होतं ते. माणूस सगळ्या गोष्टी शिकला, पण निघताना "येतो" म्हणावं एवढं मात्र शिकला नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांचा कारखाना म्हणजे एका छापखान्यामागची लांबट खोली. एकच खिडकी, तिच्याखाली लाकडी टेबल, टेबलावर सुया, मेण लावलेला दोरा, खळीचं पातेलं. कोपऱ्यात लोखंडी शिकंजा. त्याचा दांडा फिरवला की वरची पाटी खाली येते आणि नवं बांधलेलं पुस्तक वाळेपर्यंत दाबून धरते. भिंतीवर मालकाने रंगवून घेतलेली पाटी होती, 'वाचाल तर वाचाल', जशी शाळांमध्ये आणि वाचनालयांत असते तशी. भाऊजी म्हणायचे, मालकाने स्वतः आयुष्यात पगाराच्या चिठ्ठ्यांपलीकडे काही वाचलं नाही, तरी गडी चांगला टुणटुणीत आहे.

पण भाऊजी वाचायचे. त्यांच्याजवळ पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, एक खिशात मावेल एवढं पुस्तक होतं, त्यांनीच काळ्या कापडात बांधलेलं, आत लाल फीत. रोज सकाळी खळ शिजेपर्यंत त्यातलं एक पान वाचायचं, एकच, आणि वाचून झालं की स्वतःला विचारायचं, "यात माझं काम काय?" जे काम निघेल ते केल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. हा नियम त्यांना कुठल्या पाळकाने घालून दिला नव्हता. तो त्यांनी टेबलावरून उचलला होता. पुस्तक बांधताना छापील कागदाच्या घड्यांचे गठ्ठे करतात, एकेका गठ्ठ्याला जुज म्हणतात. एक जुज शिवून झाली की तिची गाठ बसवायची, मगच दुसरी घ्यायची. गाठ न बसवता पुढे गेलात तर वरून पुस्तक छान दिसतं आणि वर्षभरात पानं हातात येतात. "वाचनाचंही तसंच," ते म्हणायचे. "लोक भराभरा वाचतात, गाठ कोणी बसवत नाही. मग वेळ आली की सगळी पानं सुटतात."

या गाठींपायी ताईने काय काय सोसलं ते मला विचारा. एका थंडीत भाऊजी अंगातला स्वेटर छापखान्याच्या रखवालदाराला देऊन आले, कारण सकाळचं पान तसं होतं. तो स्वेटर ताईने विणलेला, मापाने भाऊजींच्या पोटाचा. रखवालदार बिचारा काडीपैलवान, त्यात दोनदा गुंडाळला गेला असता. भाऊजी उन्हाळा लागेपर्यंत शिंकत राहिले. आणखी एकदा खरं बोलण्याचं पान लागलं, तर त्याच रविवारी पाळकसाहेबांना चर्चच्या दारात सांगून आले की तुमचं प्रवचन चांगलं होतं, पण अर्ध्यावर संपलं असतं तर जास्त चांगलं झालं असतं. ताईने कपाळावर हात मारून घेतला. पण एक कबूल करते, ताई चिडायची तेव्हाही तिच्या आवाजात नवऱ्याचा अभिमान असायचा. असा माणूस मला मिळाला असता तर मी आठ दिवसांत पळून गेले असते, पण ताईचं बरं चाललं होतं.

ताईचंही शास्त्राचं एक पुस्तक होतं, आमच्या आईकडून आलेलं. मोठं, जाड, कडा पिवळ्या पडलेल्या. पाठ निघालेली, पहिली पानं सुटी. ती ते दोरीने बांधून ठेवायची आणि संध्याकाळी मोठ्याने वाचायची. भिंतीपलीकडून मी हातातलं काम न थांबवता ऐकायची. गावभरची पुस्तकं बांधणाऱ्याच्या बायकोचं पुस्तक दोरीत, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. "बांधून देतो गं, हातातलं काम संपलं की," असं भाऊजी म्हणत राहिले आणि त्यांच्या हातातलं काम कधी संपलं नाही.

त्यांना एकच मुलगा. भाऊजी लोकांशी बोलताना "आमचे चिरंजीव" म्हणायचे, तेच त्याचं घरातलं नाव पडलं. चिरंजीव अमुक, चिरंजीव तमुक. तोंडाने फाटका, मनाने लोण्यासारखा, आणि हट्टाला बापाच्या वरताण. खाण तशी माती. लिफ्ट बसवण्याचं काम शिकला होता. उंच इमारतींच्या पोटात शिरून लोखंडी रूळ ठोकायचे, तारा ओढायच्या. ताईचा जीव वर-खाली व्हायचा. तो म्हणायचा, "आई, माझ्या धंद्यात वर-खाली होणं चांगलं असतं."

मग ताई आजारी पडली. पोटातलं दुखणं, उशिरा कळलेलं. घरी पडल्या पडल्या ती पुस्तक उघडायची. डोळे थकले की चिरंजीव वाचून दाखवायचा. तो काही फार देवभोळा नव्हता, पण आईसाठी वाचायचा आणि मधूनच आवाज बदलून तिला हसवायचा. भाऊजी पायाशी बसून असायचे. चर्चच्या मंडळीतले लोक येऊन प्रार्थना करून जायचे. सगळं व्हायचं तसं झालं. ताई गेली.

माती देऊन घरी आलो. खोलीत मंडळीतली माणसं दाटीवाटीने बसली होती. पाळकसाहेब म्हणाले, मुलाने आता आईच्या पुस्तकातून चार ओळी वाचाव्यात. चिरंजीव उभा राहिला, पुस्तकाची दोरी सोडली आणि तशीच परत बांधली. म्हणाला, "मी नाही वाचणार. आईने जन्मभर वाचलं. वाचाल तर वाचाल म्हणता ना? मग आई एवढं वाचून वाचली का?"

भाऊजींनी सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. ज्या माणसाने कधी माशीवर हात उगारला नव्हता, त्याने. आणि म्हणाले, "जिने तुला हे हातात दिलं, तिच्या घरात असं बोलतोस? निघ."

चिरंजीव निघाला. दाराशी थांबून मला म्हणाला, "मावशी, येतो." बापाला काही म्हणाला नाही. दुसऱ्या शहरात त्याच्या कंपनीचं मोठं काम चालू होतं, तिकडे गेला तो गेलाच. फोन मला करायचा. "बाबा कसे आहेत" हे शेवटी विचारायचा, पावसाचं विचारल्यासारखं.

आणि इकडे भाऊजींचं पान अडलं.

शास्त्राचा एक फेरा त्यांनी पूर्वी पूर्ण केला होता, हा दुसरा. पहिल्या फेऱ्यात ते पान सहज निघून गेलं होतं, कारण तेव्हा त्यांचं कोणाशी भांडणच नव्हतं. त्या पानाचा अर्थ त्यांनी मला इतक्यांदा सांगितला की न वाचता मला पाठ झाला. देवापुढे भेट घेऊन आलास आणि तिथे आठवलं की आपल्या माणसाचं आपल्याशी बिनसलंय, तर भेट तिथेच ठेव. आधी जा. त्याच्याशी नीट कर, मग येऊन भेट दे. बस्स, एवढंच.

"आधी," भाऊजी म्हणायचे. "सगळी मेख त्या 'आधी'त आहे."

पहिले काही महिने ते स्वतःशीच वाद घालत होते. तो लहान आहे, त्याने आधी यायला हवं. मग एका सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाले, "पान पुन्हा पाहिलं. त्यात लहान-मोठा असं काही नाही गं."

"मग जा ना," मी म्हटलं.

"बघतो."

नंतर त्यांना आणखी एक दिसलं. "चूक कोणाची हेही पानावर नाही. त्याचं आपल्याशी बिनसलंय, एवढंच आहे. म्हणजे माझं बरोबर असलं तरी मीच जायचं."

"भाऊजी, तुम्ही पान वाचताय की त्याची कोर्टात केस लढवताय? बस सकाळी सुटते, तिकीट खिडकीवर मिळतं."

"गाठ बसत नाही," ते म्हणायचे आणि कारखान्यात निघून जायचे. "जातो गं" म्हणून. आता "येतो म्हणा" असं भिंतीपलीकडून कोणी म्हणत नव्हतं, म्हणून मीच माझ्या मशीनवरून ओरडायची, "येतो म्हणा!"

लाल फीत त्या एकाच पानात राहून त्या जागी कागदावर तिची तांबूस रेघ उमटली. दुसरं कोणी असतं तर पान उलटून पुढे गेलं असतं, वाचायला चांगली चांगली पानं पुढे पडली होती. भाऊजी गेले नाहीत. पान उलटलं नाही आणि मुलाकडेही गेले नाहीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांची कीवही यायची. बहुतेकदा दोन्ही एकदमच.

मग चिरंजीवाच्या बरोबरीच्या फिटरचा फोन आला. त्याला सगळे लंबू म्हणायचे. लिफ्टच्या खड्ड्यात शिडी सरकली आणि चिरंजीव मजलाभर खाली पडला होता. मांडीचं हाड मोडलं, जिवाला धोका नाही, दवाखान्यात आहे. मी तशीच चपला घालून कारखान्यात गेले आणि भाऊजींना म्हटलं, "उठा. आता तरी गाठ बसवा."

त्यांचे हात खळीने भरलेले होते. ते कितीतरी वेळ पुसत राहिले. म्हणाले, "कुठल्या तोंडाने जाऊ? अंथरुणावर पडलाय, मला बघून तोंड फिरवायचं तर त्याला वळताही यायचं नाही. आधी हे पाठवतो." आणि खिशातून ते काळं पुस्तक काढलं. "फीत त्या पानात आहे. त्याने वाचलं तर त्याला कळेल मी कुठे अडलोय. मग बोलावेल तो."

"पुस्तक कसलं पाठवता, स्वतः जा!"

पण पुस्तकच गेलं. मंडळीतला एक जण त्या शहराच्या बसवर ड्रायव्हर होता, त्याच्या हाती. त्या दिवसापासून भाऊजी दुपारच्या सुट्टीत माझ्या खोलीवर यायचे, माझ्या फोनवरून लंबूला फोन लावायचे आणि एकच विचारायचे, "पुस्तक पोचलं का? वाचलं का त्याने?" लंबू म्हणायचा, "उशाशी ठेवलंय काका. अजून हात नाही लावला." दुसऱ्या दिवशी, "आज वाचलं का?" "नाही काका. बघतो मी, सांगतो त्याला." लंबू भला पोरगा, पण त्याचा देवाधर्माशी काही संबंध नव्हता. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याला मुलापेक्षा पुस्तकाचीच काळजी आहे.

मग एके सकाळी लंबूचा फोन मला आला. जखम चिघळली होती, ताप चढला होता, डॉक्टरांचं बोलणं बरं वाटत नव्हतं. "काकांना एकदा येऊन जा म्हणावं." मी निरोप धाडला, भाऊजी धावत आले. जिना चढून धापा टाकत होते. मी म्हटलं, कपडे भरते तुमचे. ते म्हणाले, "फोन लाव. आधी विचारू दे."

फोन लागला. तिकडे गडबड होती, कोणीतरी लोखंडी गाडा ढकलत होतं. लंबू काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, भाऊजींचंच आलं. ते जवळजवळ ओरडले, "लंबू, खरं सांग रे बाबा. वाचेल ना?"

मग त्यांचा चेहरा बदलला. असा चेहरा मी ताई गेल्यापासून पाहिला नव्हता. "काय म्हणालास? पुन्हा म्हण... खरंच?" तिकडून आवाज तुटला. भाऊजींनी फोन माझ्या हातात दिला, खाली बसले आणि हातांनी तोंड झाकून रडायला लागले. "वाचतोय म्हणे! त्याच्या हातात आहे म्हणाला. काळजी करू नका काका, त्याच्याच हातात आहे, वाचतोय."

लंबूच्या तोंडी देवाचं नाव कधीपासून आलं याचं मला जरा नवल वाटलं. पण संकटात माणसाला देव आठवतो, असं म्हणून मीही डोळे पुसले. कोणी तोंडावर पाणी मारून जागं करावं तसं झालं होतं मला. भाऊजींच्या पाठीवर मी थाप मारली, जन्मात पहिल्यांदा.

"मग उद्याच्या बसने निघा," मी म्हटलं.

"उद्या नाही, परवा. आता रिकाम्या हाताने नाही जायचं." ते डोळे पुसत उठले. "तुझ्या ताईचं पुस्तक बांधतो. एवढी वर्षं राहिलं. तेच घेऊन जातो त्याच्यासाठी. तिचं पुस्तक त्याच्याकडेच जायला हवं."

मी त्या संध्याकाळी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात गेले होते. ते गुणगुणत काम करत होते. ताईच्या पुस्तकाची दोरी सोडलेली, जुना चिकटलेला डिंक ओल्या फडक्याने हळूहळू काढलेला, फाटक्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या लावलेल्या. जुजा एकावर एक रचून ते शिवत होते आणि प्रत्येक गाठीला दोरा दाताखाली धरून मला सांगत होते, हे पान तिने अमुक वेळी वाचलेलं, इथे तिचा तेलाचा डाग आहे, तो काढला नाही, राहू दे. पाठीला त्यांनी गर्द निळं कापड निवडलं होतं, ठेवणीतलं. इतका सुखी माणूस मी क्वचितच पाहिला. मला वाटलं, सगळं नीट होतंय. उशिरा का होईना, होतंय. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा चढवून पुस्तक शिकंज्यात घातलं. खळ वाळल्याशिवाय बाहेर काढता येत नाही, काढलं तर पुठ्ठा वाकतो.

भेट तिथेच ठेव आणि आधी जा, असं ते पान होतं. आणि भाऊजी भेट तयार करत बसले होते.

दुपारी फोन वाजला. लंबूला बोलताच येत नव्हतं. "मावशी, तो... मावशी." मग म्हणाला, "गेला."

मी कारखान्यापर्यंत कशी गेले ते मला आठवत नाही. भाऊजी शिकंज्याचा दांडा तपासत होते. मी दारात उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला काही सांगावंच लागलं नाही. त्यांनी फक्त एवढं विचारलं, अगदी लहान मुलासारखं, "पण वाचतोय म्हणाला होता ना?"

चिरंजीवाला आणून ताईशेजारी माती दिली. पाळकसाहेबांनी या वेळी कोणाला काही वाचायला सांगितलं नाही. चिरंजीव म्हणत होतो आम्ही त्याला, रोज, हाक मारताना, रागावताना. त्या शब्दाचा अर्थ काय आहे ते मला त्या दिवशी कळलं आणि मी तो पुन्हा तोंडातून काढला नाही.

चार-आठ दिवसांनी लंबू आला. सामान घेऊन आला होता, एक पिशवी. कपडे, हत्यारांचा पट्टा, आणि ते काळं पुस्तक. भाऊजी खाटेवर बसले होते, मी दाराशी. एवढा उंच पोरगा, पण खुर्चीवर अंग चोरून बसला होता.

पुस्तक भाऊजींच्या हातात देत तो म्हणाला, "काका, तुम्हाला एक सांगायचं होतं. म्हणजे तुम्हाला तेवढंच समाधान. तुम्ही रोज विचारायचात ना, वाचलं का, वाचलं का. त्या दिवशी तुमचा फोन आला, वाचेल ना म्हणून, तेव्हा तो वाचतच होता. ताप जरा उतरला होता. मी म्हटलं नव्हतं का, त्याच्या हातातच आहे, वाचतोय?"

मी भाऊजींकडे पाहिलं. मला ओरडावंसं वाटलं, अरे मूर्खा, त्यांनी काय विचारलं होतं आणि तू काय सांगितलंस! शब्द ओठापर्यंत आले होते. भाऊजींनी माझ्याकडे न बघता हात किंचित वर केला, गप्प राहा म्हणून. पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं.

मग ते लंबूला म्हणाले, "हो. म्हणाला होतास. बरोबर सांगितलंस तू."

"एकच पान वाचत होता काका, फितीचं. मला म्हणाला, बाबा इथे अडलेत बघ. जायला मला पाय नाहीत, नाहीतर मीच निघालो असतो. मग हसला. म्हणाला, आता तेच येतील. संध्याकाळपर्यंत दोनदा विचारलं, बाबा निघाले का. मी म्हटलं, निघाले असतील." लंबूने बाहीने नाक पुसलं. "मी फोन करायला हवा होता पुन्हा. मला वाटलं तुम्ही वाटेत असाल."

"तू खूप केलंस त्याचं," भाऊजी म्हणाले. "आईबापाने करावं ते केलंस." त्यांनी उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यासाठी लंबूला वाकावं लागलं. तो जिना उतरून जाईपर्यंत भाऊजी दारात उभे होते. मग आत आले आणि भिंतीकडे तोंड करून जे रडले, तो आवाज माझ्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. लंबूला ते आजवर कोणी सांगितलेलं नाही. गाठी बसवण्याचं एवढं बोलायचे भाऊजी, ती गाठ मात्र त्यांनी माझ्यासमोर बसवली.

त्यानंतरही ते चर्चला जात राहिले. पण आमच्याकडे प्रार्थनेच्या मध्ये सगळे उठून पुढे जातात आणि आपापलं दान मेजावर ठेवतात, तेव्हा भाऊजी बाकावरच बसून राहायचे. रविवारमागून रविवार. शेवटी पाळकसाहेब घरी आले. हळू आवाजात म्हणाले, देव क्षमा करतो, तुम्ही स्वतःला असं बाहेर ठेवू नका.

भाऊजी म्हणाले, "त्याने केली असेल साहेब. माझी तक्रार नाही. पण पानावर आधी त्याच्याकडे जा असं नाही, माझ्या माणसाकडे जा असं आहे. ते माझं राहिलंय. ते झालं की येईन पुढे."

पाळकसाहेब उठले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? मी देवावर इतकी चिडले होते की माझ्याकडे बघून कोणाला धीर मिळाला नसता. एका शब्दावर माणसाचा मुलगा जातो, आणि शब्द तरी कुठला, तर वाचणं. असला खेळ माझ्या शिवणाच्या गिऱ्हाइकाने माझ्याशी केला असता तर मी त्याचं कापड तोंडावर फेकलं असतं. हे मी भाऊजींना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "खेळ त्याने नाही केला गं. त्याने आधी जा म्हणून स्वच्छ लिहून ठेवलं होतं. फोन करून विचार, असं कुठे लिहिलं होतं?"

ताईचं निळं पुस्तक त्यांनी मला दिलं. सुरेख बांधलंय, आजही एक पान हलत नाही. काळं पुस्तक त्यांच्याजवळ राहिलं, फीत तिथेच.

त्यांचं शेवटचं दुखणं फार लांबलं नाही. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यात राहायला तयार नव्हते, म्हणून घरीच होते. मी माझं मशीन त्यांच्या खोलीत आणून ठेवलं, म्हणजे काम करता करता लक्ष राहील. लंबू रजा काढून यायचा, पाय चेपून द्यायचा, आणि त्याची एक बडबड चालू असायची, अमक्या इमारतीत लिफ्ट अडकली, तमका साहेब आत सापडला. भाऊजी डोळे मिटून हसायचे.

एका दुपारी लंबू औषध आणायला गेला होता. ऊन खाटेपर्यंत आलं होतं. भाऊजींचा श्वास बदलल्यासारखा वाटला म्हणून मी मशीन थांबवलं. काय करावं सुचेना. जन्मात कधी पुढाकार घेऊन शास्त्र न उघडलेली बाई मी, ताईचं निळं पुस्तक घेतलं आणि त्यांच्या उशाशी बसले. म्हटलं, "भाऊजी, वाचू का?"

त्यांनी डोळे उघडले. माझं बोलणं त्यांनी कोणत्या अर्थाने घेतलं, मला माहीत नाही. माझ्याकडे बघून ते थोडे हसले, जुन्या दिवसांत चष्म्यावरून बघत हसायचे तसे.

"आता नको गं," ते म्हणाले. "आता आधी जातो."

एरवी मी ओरडले असते, येतो म्हणा. त्या दिवशी नाही ओरडले.